माय कोन्या दिशेला?

परतूरच्या तहसिलीसमोर लिंबाखाली एक दस्तलेखक बसतात. माझं दुकान शेजारीच, म्हणून रोज दिसतात. बाप वारल्यावर घर नावावर कसं होतं, शेजाऱ्याच्या पत्र्याचं पाणी आपल्या भिंतीवर पडलं तर काय करायचं, कुणीही थांबून विचारावं. प्रत्येक वाक्याला ते "बराबर?" जोडतात आणि समोरच्यानं मान हलवल्याशिवाय पुढं सरकत न्हाईत. घराच्या चतुःसीमा लिहिताना तर खुर्चीसकट वळतात; पूर्वेस रस्ता म्हटलं की तोंड पूर्वेला. मला हसू यायचं.

वडिलांमागं आम्ही दोघं भाऊ घराचं वाटणीपत्र करायला त्यांच्याकडंच गेल्तो. दोन खोल्या त्याला, दोन मला. चारी दिशा फिरून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला.

"अन् माय कोन्या दिशेला?"

"राहील की दोघांकडं," मी म्हणालो.

"दोघांकडं म्हंजी कोन्या खोलीत? घरात तिचाबी हक्क हाय, दादा."

आई मागं बाकावर पिशवी धरून बसली होती. ते उठून तिच्यापाशी गेले. "माय, तुमाला कोनती खोली पाह्यजे?"

"सकाळचं ऊन येतं ती," आई हळूच म्हणाली.

ती माझ्या वाट्याची होती. त्यांनी लिहिलं, 'सदर खोलीत मातोश्रींस हयातभर राहण्याचा हक्क राहील.' मग खुर्ची माझ्याकडं वळवून आईच्या अन् माझ्या मधोमध बसले.

"बराबर?"

मान हलवायला मला जरा वेळ लागला. त्यांच्या पाठीमुळं तो आईला दिसला न्हाई.