बुधवारची मॅच

मुलगी कॉलेजला जायला तीन आठवडे उरले होते, तेव्हा ती बातमी आली. मी गॅरेजमध्ये तिच्या पांघरुणांची खोकी बांधत होते. शेजारचे काका झाडांना पाणी घालता घालता पाइप तसाच हातात धरून आमच्या ड्राइव्हवेपर्यंत आले आणि म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या पोरीचं कॉलेज आमच्यात येतंय. या लोकांना वेड लागलंय!"

पाण्याची धार माझ्या खोक्यांवर येत होती. मी आधी खोकी हलवली आणि मग विचारलं, "आमच्यात म्हणजे कुठे?"

हे काका अमेरिकन. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहणारे. आम्ही नोव्हाय गावातल्या या घरात आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मोठ्या माणसांना काका म्हणायचं, असं आम्ही तिला शिकवलं होतं. त्यांना वाटलं, हे तिनं आपल्याला ठेवलेलं खास नाव आहे. पुढे ते नाताळच्या कार्डावर सहीसुद्धा 'काका' अशीच करायला लागले. आम्ही कधी दुरुस्त केलं नाही, आणि मग आम्हीही त्यांना तेच म्हणू लागलो.

काका आमच्या इथल्या विद्यापीठाचे कट्टर चाहते. स्वतः तिथे एक दिवससुद्धा शिकलेले नाहीत, पण फुटबॉलच्या सीझनमध्ये शनिवारी त्यांच्या दारावर झेंडा लागला नाही असं झालं नाही. त्यांनीच मला कॉन्फरन्स म्हणजे काय ते समजावलं. इथली कॉलेजं गट करून आपसात खेळतात. पूर्वी हे गट शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असत, सकाळी बस करून जायचं, खेळायचं, रात्री घरी. आता टीव्हीच्या हक्कांसाठी गट मोडत होते आणि नवे जुळत होते. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची कॉलेजं आमच्या थंडीतल्या गटात येणार होती. मुलगी जिथे निघाली होती तेही त्यातलंच एक.

"फुटबॉलवाल्यांचं ठीक आहे," काका म्हणाले, "पण पोरी व्हॉलीबॉल खेळायला बुधवारी अर्धा देश ओलांडून येणार? अभ्यास कधी करणार?"

माझी मुलगी व्हॉलीबॉलच खेळत होती. उंची बेताची, त्यामुळे नेटपाशी तिचा उपयोग नाही, पण मागच्या रांगेत पडून-झडून चेंडू उचलण्यात पटाईत. त्या कॉलेजानं तिला स्कॉलरशिप दिली नव्हती, नुसती टीममध्ये जागा दिली होती. जवळच्या एका कॉलेजात ती सहज खेळली असती. मी तिला तसं सुचवलंही होतं, एकदा नाही, दहादा. शेवटी ती म्हणाली, "आई, यू केम फ्रॉम कोल्हापूर." मी रुसले, आणि रुसूनच तिची खोकी भरत होते.

ते वर्षभर आमच्या गल्लीत आणि नवऱ्याच्या ऑफिसात या एकाच विषयावर वाद चालले. नवरा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे जेवणाच्या टेबलावर पुण्याचे दोघं, नागपूरचा एक आणि दोन अमेरिकन बसतात. अमेरिकन म्हणायचे, परंपरा बुडाली. नागपूरकर म्हणायचा, "परंपरा गेली खड्ड्यात यार, मॅच तगड्या होतील!" पुढचं कुठलं कॉलेज गट बदलणार, कोणाला कोण घेणार, कोणाला कोणी विचारतच नाही, हे सगळं अगदी स्थळं जमवल्यासारखं चालायचं. नवरा नागपूरकराच्या बाजूचा. घरी येऊन मला साग्रसंगीत ऐकवायचा. इंटरनेटवरच्या फोरमवर अनोळखी माणसांशी तावातावानं भांडायचासुद्धा. आणि काका कुंपणापाशी त्याची वाटच बघत असायचे. ते नकाशा घेऊन भांडत. खराखुरा, घडीचा कागदी नकाशा.

मी त्यात पडत नव्हते. माझ्या डोक्यात फक्त एक गोष्ट होती, जी मी कोणाला सांगितली नव्हती. नव्या गटाचं वेळापत्रक येईल, त्यात कधीतरी तिची टीम आमच्या इथे येईल.

वेळापत्रक पुढच्या उन्हाळ्यात आलं. ऑक्टोबरातला एक बुधवार. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर.

मला माझी आई आठवली. मी इथे आले तेव्हा पहिली तीन वर्षं मला परत जाता आलं नाही, व्हिसाचं काहीतरी अडलेलं. आई फोनवर रडायची नाही, फक्त विचारायची, आज काय केलंस जेवायला. तिला असा बुधवार कधी मिळाला नाही. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि ऑफिसात त्याच दिवशी सुट्टी टाकली. बॉसला वाटलं, सण आहे. मी हो म्हटलं.

काकांना विचारलं, येता का. त्यांनी शपथ घेतल्यासारखं सांगून ठेवलं होतं, की त्या नव्या कॉलेजांची एकही मॅच मी बघणार नाही, माझ्यासाठी ती गटात नाहीतच. दोन दिवसांनी त्यांनी दार वाजवलं. "मी टीम बघायला येत नाहीये. पोरीला बघायला येतोय. हे वेगळं आहे."

"वेगळंच आहे," मी म्हटलं.

तरी ते इथल्या विद्यापीठाचा स्वेटशर्ट घालूनच आले. पाहुण्या टीमच्या आईबापांसाठी राखून ठेवलेल्या रांगांत, आमच्या दोघांच्या मध्ये, ते एकटेच शत्रूच्या रंगात बसले होते. मग माइकवरून खेळाडूंची नावं पुकारली जायला लागली. इथल्या मुलींना त्यांनी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. मग आमच्या मुलीचं नाव पुकारलं, अर्थातच चुकीचं, आणि काका उभे राहून ओरडले. बरोबर उच्चार करून ओरडले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं वळून आधी त्यांचा शर्ट बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं.

त्या दिवशी मुलगी खेळली नाही. बाकावर बसून राहिली, प्रत्येक टाइमआउटला उठून दुसऱ्यांना पाणी देत होती, चेंडू पडला की ओरडत होती. तिची टीम हरली. मी मॅच अशी बघितलीच नाही. मी तिची मान बघितली, केस कसे बांधलेत ते बघितलं, ती वाळली आहे का ते बघितलं. दोन तास मला नुसतं तिच्याकडे बघता आलं. ती घरी असती तर एवढं कधी बघू दिलं असतं?

मॅच संपल्यावर कोचनं घरच्यांना भेटायला वीस मिनिटं दिली. मी थर्मासमध्ये वरण-भात नेला होता, वर तूप, आणि डबाभर तिखटमिठाच्या पुऱ्या. ती हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून, उभ्यानं, चमच्यानं वरण-भात खात होती. पुऱ्यांच्या डब्याभोवती टीममधल्या उंच उंच पोरी जमल्या. त्यांना त्या चिप्सच वाटल्या.

काका तिच्यासमोर उभे राहिले. "किड, एक खरं सांग. आम्ही वर्षभर भांडतोय. तुला काय वाटतं या सगळ्या प्रकाराबद्दल?"

मी मनातल्या मनात तिला सांगत होते, चांगलं झालं म्हण. आईला भेटता आलं म्हण.

ती घास गिळून म्हणाली, "इट्स प्रिटी स्टुपिड, काका." मग इंग्रजीतच भडाभडा बोलत सुटली. तिच्या कॉलेजच्या शेजारी, तासाभरावर एक कॉलेज आहे. त्या दोन्ही कॉलेजांची दरवर्षी मॅच असायची, पहिल्या वर्षी तिनं ती अनुभवली होती. बसमध्ये गाणी म्हणत जायचं, रात्री आपापल्या पलंगावर. आता ती मॅच बंद. केमिस्ट्रीची परीक्षा तिनं हॉटेलच्या खोलीत दिली होती, असिस्टंट कोच समोर घड्याळ लावून बसलेली. आज कुठला वार आहे हे तिला मधेमधे फोनमध्ये बघावं लागत होतं.

काका बरोबर होते. सगळ्या मुद्द्यांवर बरोबर होते. मला वाटलं, आता ते माझ्या नवऱ्याकडे बघून हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी तिचा रिकामा थर्मास हातात घेतला, झाकण लावलं आणि म्हणाले, "मला तू चूक ठरवलं असतंस तर बरं झालं असतं."

तिनं त्यांना मिठी मारली, मग बाबांना, मग मला. तिच्या खांद्याला बामाचा वास येत होता. "आई, थँक्स फॉर कमिंग," ती म्हणाली, जणू मीच अर्धा देश ओलांडून आले होते. मग मराठीत हळूच म्हणाली, "मला यायचं नव्हतं, थकले होते. पण आता बरं वाटतंय."

गाडीत नवरा म्हणाला, "हे सगळं चुकीचं आहे, पटतंय मला." मागून काका म्हणाले, "हो." आणि मी म्हटलं, "असू दे चुकीचं. मला माझा बुधवार मिळाला." त्यानंतर फोरमवर भांडणं नवऱ्यानं बंद केलं नाही, पण बाजू बदलली.

पुढच्या सीझनला तिची टीम आमच्याकडे येणार नव्हती. जवळात जवळ ती येणार होती दक्षिणेच्या शेजारच्या राज्यात, तीन तासांवर, आमच्या विद्यापीठाच्या जन्माच्या वैऱ्यांकडे. काका त्या राज्याचं नावसुद्धा घेत नाहीत, 'खालचे लोक' म्हणतात. मी त्यांना विचारलंही नव्हतं. त्यांनीच विचारलं, "किती वाजता निघायचं?" आणि आमच्या राज्यातल्या हायवेच्या शेवटच्या एक्झिटला त्यांनी गाडी थांबवायला लावून पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घेतली, खालच्या लोकांकडून एक थेंब घ्यायला नको म्हणून.

त्या दिवशी तिसऱ्या सेटमध्ये कोचनं मुलीला आत पाठवलं. सर्व्ह करायला आणि मागची रांग सांभाळायला. पहिली सर्व्ह तिनं नेटमध्ये घातली. माझा नवरा डोळे मिटून बसला. थोड्या वेळानं पुन्हा तिची पाळी आली, आणि तिनं एकामागून एक चार पॉइंट काढले. त्यातला एक चेंडू तिनं जमिनीवर सपशेल झोपून, एका हाताच्या पंजावर उचलला होता. काका मला इतक्या जोरात दंडाला धरून हलवत होते, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. सेट जिंकला तिच्या टीमनं. मॅच मात्र गेली.

नंतर मुलगी घामानं निथळत आली, हसत होती, काहीतरी सांगत होती आणि तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. तिच्यामागे टीममधली एक मुलगी घुटमळत होती, माझ्यापेक्षा दीड वीत उंच. तिचे आईवडील पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, एकाही बाहेरगावच्या मॅचला येऊ न शकणारे. त्यांच्यासाठी हा नवा गट म्हणजे फक्त लेक दूर जाणं होतं. मी बेसनाच्या लाडवांचा डबा तिच्यापुढे धरला. तिनं एकामागून एक खाल्ले आणि मग संकोचून विचारलं, "तुम्ही मलाही मिठी माराल का?"

मी मारली. तिला खाली वाकावं लागलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, घरच्यांचाच होता. तिनं स्क्रीन माझ्यासमोर धरली. तिकडे अजून लख्ख ऊन होतं. एक बाई गाडीत बसल्या होत्या, कामावरून थेट. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आधी आभार मानले, मग आवाज खाली आणून विचारलं, "तिनं काही खाल्लं का हो?"

"तीन लाडू," मी सांगितलं, "आणि चौथा बसमध्ये नेतेय."