दादांनी साफ केलेला ढावलो

दादांना रेकॉर्डिंगमध्ये माणसाचा श्वास खपत नसे. गाणारा दोन ओळींच्या मध्ये दम घेई, तो दम दादा शोधून शोधून कापत. खोकला, खाकरणं, बांगडीची किणकिण, काही सुटत नसे. "आवाज कसा निवडलेल्या तांदळावानी पाहिजे," म्हणायचे. जवळा बाजार या गावात, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या त्यांच्या एका खोलीच्या स्टुडिओत मी नऊ वर्षं काम केलं. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलं. तरी त्यांची आठवण आली की आधी डोकं फिरतं, माया मागून येते.

नव्वदच्या दशकात ते ब्लेडने टेप कापून चिकटवत. जोड कुठे आहे ते मलाही ओळखू येत नसे. दोन हजार साल उलटल्यावर कॉम्प्युटर आला, तर दादांनी तोही ब्लेडसारखाच वापरला. आवाजाची फाईल उघडायची, नको ते कापायचं आणि त्याच नावाने सेव्ह करायची. कापलेलं कायमचं गेलं.

मी हिंगोलीहून नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात मूळ आवाजाला धक्का लागत नाही. काय वाजवायचं, काय गाळायचं, एवढ्या सूचना वेगळ्या राहतात. पटलं नाही तर सूचना बदलायची. दादांनी दोन दिवस पाहिलं आणि बंद केलं. "कापायचं तर खरं कापावं. कापल्याचं सोंग काहून करायचं?" निदान मूळ फाईलची कॉपी ठेवू, असं म्हणालो, तर म्हणे, "डिस्कात जागा न्हाई. आन् माझ्या हातावर माझा भरवसा हाय." माझाही होता, त्याचीच तर चीड येते.

माझी आई, आम्ही बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतो, ढावलो म्हणायची. लेक सासरी निघाली की बाया तिच्या गळ्यात पडून रडत रडत गातात, तो ढावलो. हुंदका हा त्या गाण्याचाच भाग असतो. सिद्धेश्वरजवळच्या आमच्या तांड्यावरून एका बाजाराच्या दिवशी मी तिला स्टुडिओत आणलं. माइकसमोर ती आधी लाजली. मग लांब दिलेल्या माझ्या बहिणीचं नाव घेऊन तिने सुरुवात केली, ती वीस मिनिटं थांबली नाही. दादांचेही डोळे भरलेले मी पाहिले.

तिला बसमध्ये बसवून मी परत येईपर्यंत दादांनी हुंदके कापले होते. सगळे. बहिणीला मारलेल्या हाका, दाटलेला गळा, काही ठेवलं नाही. सेव्ह करून, प्रोग्रॅम बंद करून, कौतुकाने माझी वाट पाहत बसले होते. "ऐक, आईचा आवाज किती गोड हाय तुझ्या. रडण्याखाली झाकून गेला होता." वीस मिनिटांची सहा मिनिटं झाली होती. मी अद्वातद्वा बोललो. शिकवणाऱ्या माणसाला बोलू नये ते बोललो. ते भांबावले. "एवढी तकलीफ काहून करून घेऊन राहिला? पुढच्या बाजारी आण तिला, पुन्हा घेऊ."

याडी आली नाही. रडू काय सांगून येतं का, एवढंच तिने मला आमच्या बोलीत विचारलं. त्याच वर्षी तिला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मी काम सोडलं. बहिणीने ती सहा मिनिटं ऐकली आणि ही बाई कोण, असं विचारलं.

दादा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने खोली आवरायला मला बोलावलं. कपाटात सीड्यांच्या थप्प्या निघाल्या. एकेका गाणाऱ्याचं अख्खं रेकॉर्डिंग, वर दादांच्या अक्षरात, "मूळ. कापू नये." मी तारखा पाहिल्या. पहिली सीडी याडीच्या रेकॉर्डिंगनंतरच्याच आठवड्यातली होती. म्हणजे माझ्या आईचं रडणं घालवून दादा शहाणे झाले, आणि फायदा बाकी पंचक्रोशीला. मला त्या थप्प्या उकिरड्यावर फेकाव्याशा वाटल्या. पोत्यात भरून घरी आणल्या.

मागे हट्टा गावची एक बाई वडिलांचं भजन मागत आली. मी लावून दिलं. मध्येच म्हातारा खोकला, "पोरी, पाणी दे गं," म्हणाला, आणि ती तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. सीडी पिशवीत घालताना म्हणाली, "दादानं किती जपून ठेवलं हो!"

"व्हय," मी म्हणालो, "तुमचं ठेवलं."