घुबडाचं दावं

कंग्राळीला जायचं मी बंद केलं त्याला आता सहा महिने होतील. रविवारी दुपारी तिथं माझ्या मित्राच्या घरी आम्ही चौघं पत्ते खेळायचो. रमी-तीनपत्ती नव्हे. प्रत्येकाने स्वतः जमवलेला शंभर कार्डांचा गठ्ठा, त्यात प्राणी आणि मंत्र, आणि प्रत्येकाला चाळीस प्राण. शेवटी ज्याचे प्राण उरतील तो जिंकला. मित्र कॉलेजात गणित शिकवतो. बाकीचे दोघं म्हणजे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. दहावी नापास मी एकटाच.

मी निपाणीकडच्या जनावरांच्या बाजारात दलाली करून वर आलो. आता जुने ट्रॅक्टर विकतो. बैल घ्यायला आलेला हाच मित्र तिथं मला भेटला, त्याला वीस वर्षं झाली. हातावर टॉवेल टाकून, आत बोटं दाबून भाव कसा ठरवायचा, हे त्याला मी शिकवलं. त्यानं मला हा खेळ शिकवला.

माझा डाव तीन प्राण्यांवर उभा होता. उंदीर मेला की लगेच जिवंत होऊन परत येतो. कोल्हा आपल्याच बाजूचा प्राणी हवा तेव्हा खातो. आणि काळं घुबड: कुठलाही प्राणी मेला की ते समोरच्या प्रत्येकाचा एक प्राण घेतं. कोल्ह्यानं उंदीर खायचा, उंदरानं परत यायचं, घुबडानं मोजायचं. तिघं एकत्र आले की रहाट थांबत नाही. एक जरी काढला तरी सगळं ठप्प.

उंदीर आणि कोल्हा मी घासाघीस करून मिळवले. घुबड मित्राकडं होतं आणि तो देत नव्हता. शेवटी एका रविवारी टॉवेलाखाली सौदा जुळला: माझी सात चांगली कार्डं आणि त्याचं घुबड. देताना त्यानं कार्डावरचं प्लॅस्टिकचं पाकीट काढून खिशात घातलं. म्हणाला, "जनावर घिऊन जा. दावं माझ्याकडं."

आमच्याकडं बैल विकला तरी दावं देत नाहीत. दावण रिकामी राहू नये, तिथं दुसरं जनावर यावं म्हणून. मी लई हसलो.

त्या शेवटच्या रविवारी माझ्यासमोर उंदीर आणि कोल्हा मांडलेले होते, घुबड हातात होतं. मित्रानं एक कार्ड कधीपासून दाबून धरलं होतं. मारणारा मंत्रच तो, मी ओळखलं. मी खांद्यावरचा टॉवेल टेबलावर टाकला.

"अण्णा, हे काय? चौघात बोला की," डॉक्टर म्हणाले.

टॉवेलाखाली मी मित्राची दोन बोटं दाबली. दोन फेऱ्या माझ्या जनावरांना हात लावायचा नाही. मी तुझ्यावर एकही सोडणार नाही. त्यानं बोटं दाबून होकार दिला.

पुढच्याच फेरीला मी घुबड मांडलं आणि रहाट फिरवायला घेतला. मित्रानं शांतपणे ते दाबून धरलेलं कार्ड खाली ठेवलं. घुबड मेलं. डॉक्टरीणबाईंच्या रानडुकरांनी मला त्याच फेरीत संपवलं.

"टॉवेलाखाली शब्द दिलतास!" मी उभाच राहिलो.

"दिलता. आन् तू काय दिलतंस?"

"तुझ्यावर एक जनावर सोडलं न्हाय मी."

"सोडलं न्हाईस. घरातला उंदीर मारून मला मारत हुतास. खोड लपवून इकलेलं जनावर परत येतंय, हे तूच शिकवलंस न्हवं मला?"

"साकु, साकु," डॉक्टरीणबाई कानडीत म्हणाल्या. "पुरे आता. खेळ आहे हो, अण्णा."

मी तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या डिग्रीवर बोललो, घरात त्याची आई ऐकत होती तरी बोललो. कार्डं पिशवीत कोंबली आणि गाडी काढली.

खरं उत्तर मला हायवेवर सुचलं. खोड लपवली म्हणे! घुबड त्याच्याच दावणीचं होतं. त्याची खोड माझ्याआधी त्याला ठाऊक होती. डोळे उघडे ठेवून त्यानं बोटं दाबली, आणि मग मोडला तो शब्द. बाजारात असं केलं असतं तर त्याच्या टॉवेलाखाली पुन्हा कुणी हात घातला नसता. आजही मी हेच म्हणतो. त्याला जिंकू द्यायचं नव्हतं हे मात्र मी कुणाला सांगत नाही. बोटं दाबताना मला माहीत होतं, पुढच्या फेरीला तोही मरणार.

फोन त्यानं केला नाही. मीही केला नाही. महिन्याभरानं दुकानावर एक लिफाफा आला. आत चिठ्ठी नव्हती. फक्त ते प्लॅस्टिकचं रिकामं पाकीट.

आमच्या बाजारात दावंही देऊन टाकणारा माणूस मी एकदाच पाहिला होता. तो जनावरं ठेवणंच बंद करून गाव सोडून चालला होता.

पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. घुबडही तिथंच आहे, शेजारी, उघडं. कोपरा दुमडायला लागलाय. पाकिटात घालायला एक क्षण लागेल. अजून घातलेलं नाही.