मैदानाला पत्रे लागले

उन्हं कलली की मैदानावर पाणी शिंपलं जायचं, आणि तापलेल्या मातीतून उठणारा तो गार, खरपूस वास आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, चहाच्या आधणापर्यंत पोचायचा... मग मला कोण थांबवणार! ठाण्यातल्या वर्तकनगरच्या त्या मैदानात आम्ही मुली खो-खो खेळायचो. गुडघे सदा सोललेले, नखांत माती. घरात हळू चाल, जिन्यात हळू बोल, असं दिवसभर ऐकणाऱ्या आम्ही तिथे मात्र जीव खाऊन धावायचो, घसा बसेस्तोवर ओरडायचो — आणि कुणी हटकत नसे. त्या एवढ्याशा जमिनीने मला धीट केलं, असं मी आजही मानते.

लग्नानंतर मी टिटवाळ्याला आले. आई तिथेच राहिली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही रोज संध्याकाळी मैदानाला तीन फेऱ्या, मग मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर गप्पा... बाबा गेल्यापासून तिचा सगळा दिवस त्या एका तासासाठीच असतो. परवा तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अगं, मैदानाला पत्रे लागले."

ठाण्यात वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पत्रे लागले की आत खड्डा, आणि खड्ड्यातून टॉवर — इतकी वर्षं आम्ही हेच पाहत आलोय. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून निघाले. न पाहिलेल्या बिल्डरशी वाटेतच मनातल्या मनात दोनदा भांडूनही झालं.

पत्र्यांच्या फटीला डोळा लावला, तर आत मातीचे ढीग. तेवढ्यात वॉचमन आला.

"काय बांधताय इथे?" मी जवळजवळ अंगावरच गेले.

"बांधतंय कोण, मॅडम? पावसात पाणी साचतं ना, म्हणून भराव टाकून लेव्हल करतायत. मग गवत लावणार. दिवाळीच्या आत ओपन होईल."

मी पुन्हा विचारलं. त्याने शांतपणे गेटावरचा फलक दाखवला; त्यावरही तेच लिहिलं होतं. रागाच्या भरात तो मी वाचलाच नव्हता. जीव भांड्यात पडला आणि चक्क डोळ्यांत पाणी आलं. आम्ही खेळलो ते मैदान भरावाखाली गेलं होतं, त्याचं वाईट वाटलंच... पण वरचं आभाळ चहूबाजूंनी मोकळं होतं.

घरी जाऊन आईला सांगितलं. "टॉवर नाही ना? नक्की ना?" तिने तीनदा विचारलं. मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "दिवाळीपर्यंतच ना? मग थांबते की मी."