घाटियानं तिकीट घेतलं नव्हतं

इथे उत्तरेत, पंचगंगा घाटावर अंघोळीला उतरताना मी कपडे छत्रीखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या घाटियाच्या, म्हणजे घाटावरच्या पंड्याच्या, लाकडी चौकीवर ठेवत असे. लॉटरीत माझा नंबर लागला, पण खिशात तिकीट नव्हतं. मी चारचौघांत त्याला चोर म्हणालो. लोक त्याच्याकडे कपडे ठेवेनासे झाले.

आठवड्याभरात, दिवाळीला देवांखालचं वस्त्र बदलताना तिकीट निघालं. मीच तिथे ठेवून विसरलो होतो. बक्षीस गुपचूप घेतलं. पुढे घाटावर त्यानेच काळजीने विचारलं, "गुरुजी, टिकट मिला?"

"नहीं," मी म्हणालो.

"मिल जाएगा. घर में ठीक से देखिए."

तो आता नाही. चौकीवर त्याचा मुलगा बसतो. त्याला मराठी वाचता येत नाही, आणि मी हे मराठीतच लिहितो आहे, याचीही लाज वाटते.