सासूच्या नावाचं पाणी

हे मी अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, माझ्या आईच्याही नाही. तुम्हाला सांगून राहिले, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही — आमच्या बोअरचं पाणी पीत नाही.

हिमायतनगरपासून आत आमचं गाव. सासूबाई वारल्या त्या वर्षी सासऱ्यांनी — मी त्यांना मामा म्हणायची — त्यांच्या नावानं दारात बोअर मारला आणि बाहेरच्या अंगाला गल्लीसाठी नळ काढून दिला. ओट्यावर सासूबाईंचं नाव कोरलं. उन्हाळ्यात गावातल्या हापशांना नुसती हवा येते, तेव्हा आमच्याकडं धार चालू असते. पाणी गार, चवीला गोड. बाया कळश्या भरताना म्हणायच्या, "माय गेली, पण अजून पाणी पाजून राहिली." मामा बाजेवर बसून ऐकायचे. आणि मलाही — खोटं कशाला बोलू? — त्या घरची सून म्हणून लई बरं वाटायचं.

सात वर्षांखाली मला पाणी तपासायचं काम मिळालं. गावातल्या पाच जणींना तालुक्याला नेऊन शिकवलं, एक पेटी दिली. सोपं काम. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर ठीक. पिवळा पडला तर पाण्यात फ्लोराइड जास्त, पिऊ नका म्हणून सांगायचं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लेकरांचे दात डागाळतात, मोठ्यांची हाडं आखडतात. उकळूनही ते जात नाही. सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं.

शाळेचा हापसा गुलाबी निघाला. पाराजवळची विहीर गुलाबी. आमचा बोअर मी शेवटाला ठेवला होता. का ठेवला असेल?

पिवळा आला.

नळी धुतली, पुन्हा केलं. पुन्हा पिवळा. मामा समोरच बाजेवर होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय तुझ्या सासूचं पाणी?"

मी म्हणलं, "चांगलं हाय, मामा."

तेवढ्यावर थांबले असते तर — पण नाही थांबले. खात्रीसाठी तालुक्याला बाटली पाठवायची होती. तिच्यावर आमच्या बोअरची चिठ्ठी लावली आणि आत शाळेच्या हापशाचं पाणी भरलं. झाकण नीट घट्ट लावलं.

आणि खरं सांगायचं ते तर अजून राहिलंच आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच घुटमळून राहिले. त्याच आठवड्यात मी घरात जारचं पाणी सुरू केलं. धाकट्याचं पोट बिघडतंय, डॉक्टरनं सांगितलंय, असं दडपून सांगितलं. माझी दोन्ही लेकरं, नवरा, मी — आम्ही जारचं. मामांनी ऐकलं नाही, ते शेवटपर्यंत बोअरचंच प्यायले. त्यांनाही मी पिऊ दिलं. आणि गल्लीलाही.

शेजारच्या गयामावशीची नात वैष्णवी तेव्हा रांगत होती. तिच्या घरात आमच्याच नळाचं पाणी. तिचे दुधाचे दात पडून नवे आले ते पिवळट, तपकिरी पट्ट्यांचे. मावशी तिला आळशी म्हणते. पोरगी ओट्यावर बसून राखुंडीनं घासते, हिरडीतून रक्त येईस्तोवर घासते. माझ्या धाकट्याचे दात पांढरेशुभ्र आहेत. एकदा मावशी म्हणली, "तूच सांग बाई हिला, तुझं ऐकती." आणि मी — सगळं माहीत असलेली मी — त्या लेकराला म्हणले, "नीट घासत जा की गं." तिनं ओठ मिटून घेतले. तेव्हापासून ती माझ्यासमोर हसत नाही.

मामांच्या भीतीनं गप्प राहिले, असं मी मनाला लई दिवस समजावलं. मामा जाऊन दोन वर्षं झाली. आता कुणाची भीती? आता सांगितलं तर बाया एवढंच विचारतील — तू जार कधीपासून आणतीस? हा प्रश्न मला नको आहे. म्हणून गप्प आहे. मी वाईट वागले, आणि अजून वागतेय.

मावशीचे गुडघे आता वाकत नाहीत. मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं. वय झालं, म्हणते. गेल्या आठवड्यात मी तापानं पडले होते, घरात कुणी नव्हतं. मावशी बघायला आली, तर जार रिकामा. तशीच लंगडत बाहेर गेली, आमच्या नळावर तांब्या भरून आणला, माझ्या उशाशी ठेवला. "घसा सुकला असंल. पी माय, तुमचंच पाणी हाय," म्हणली आणि माझ्यासाठी पेज आणायला घरी गेली.

मी उठले. भिंतीला धरत धरत तांब्या न्हाणीत नेला आणि ओतून दिला. मग परत येऊन पडले.

मावशी पेज घेऊन आली. तांब्यात डोकावून तिला बरं वाटलं. "पेलीस का?"

"हाव, मावशी. गार लागलं."

माझ्या कपाळावर हात ठेवून तिनं ताप बघितला. मग येताना दारात ठेवलेली आपली रिकामी कळशी उचलली, आता घरचं भरते म्हणली, आणि पाय ओढत आमच्या नळाकडं गेली. वैष्णवी शाळेतून यायची वेळ झाली होती.