वीज नव्हती तेव्हा पेटलेला दिवा

१४ मार्च २०२४. मजुरी ठरली होती एक हजार दोनशे पन्नास पेसो. मिग्दालियाच्या ओसरीवरच्या विजेच्या पेटीतला उडालेला फ्यूज तीनच्या आत बदलायचा होता. भारनियमनामुळे गल्लीत सकाळी सातपासून लाईट नव्हती. तीनला यायची होती.

एव्हेलियो लामोरू एकोणतीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन होता. कारखाना बंद पडल्यावर तो घरोघरची कामं करी. अलीकडे लोक म्हणू लागले होते, म्हातारा चोख आहे, पण वेळ फार खातो. लाईट गेली की बाकीचे वायरमन पेटीत सरळ हात घालून पाच मिनिटांत मोकळे होत. लामोरू मात्र लाईट नसतानाही मेन स्विच खाली पाडून स्वतःचं कुलूप घाली. मग तपासणीचा दिवा घेऊन मागच्या गल्लीत जाई. ती गल्ली इस्पितळाच्या लाईनवर होती, तिथली लाईट जात नसे. तिथल्या न्हाव्याच्या दुकानात आपला दिवा लागतो याची खात्री करून तो परत येई. या महिन्यात त्याची तीन गिऱ्हाइकं लेओदानकडे गेली होती. मिग्दालियाही गेली असती, तर या गल्लीत त्याला कोणी उरलं नसतं.

लेओदानही वायरमनच, मिग्दालियाचा भाचा. तो ओसरीवरच कॉफी पीत बसला होता.

"आला का काका दिवा फिरवून? न्हाव्यानं दाढी केली का त्याची?"

"आधी तुला पाठव म्हणाला."

"अहो एव्हेलियो, अडीच वाजले," मिग्दालिया दारात येऊन म्हणाली. "फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन आहे. होत नसेल तर सरळ सांगा, लेओदान बसलाच आहे."

लामोरूला ते लागलं. लेओदान उठला आणि त्याने पेटीकडे हात नेला.

"सरका काका. गल्लीत करंट नाही, वर तुम्ही मेन पाडलाय. आता काय आभाळातून येणार?"

लामोरूने त्याचं मनगट धरलं. लामोरूचा अंगठा ताठ होता, वाकत नसे. 'बंद आहे' या दुसऱ्याच्या शब्दावर एकदा हात घातला होता, त्याची ती खूण.

"आधी दिवा," तो म्हणाला, आणि दिव्याचं एक टोक त्याने फ्यूजच्या घराकडच्या चिमट्याला आणि दुसरं न्यूट्रलला टेकवलं.

दिवा पेटला.

लेओदानने हात खिशात घातला.

"मिग्दालिया," लामोरूने हळू आवाजात विचारलं, "मागून लाईट कोणाकडून घेतलीयस?"

ती ओशाळली. मागच्या गल्लीतल्या कारिदादने भिंतीवरून केबल दिली होती, दोन्ही टोकांना पिना लावलेली. एक टोक कारिदादच्या घरात, दुसरं मिग्दालियाच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये. असं सगळेच करत, बोलत कोणी नसे.

"फ्रीजपुरतीच हो. तीनला ती केबल काढून घेणार, म्हणून तर घाई. कुणाला सांगितलं तर तिच्यामागे कटकट लागेल."

"काल रात्री आपली लाईट आली तेव्हाही लावलेलीच होती?"

मिग्दालियाने मान खाली घातली.

"दोन लाईनी एकमेकींना भिडल्या. मग फ्यूज उडाला नसता तरच नवल. जा, तिला आधी तिच्याकडचं टोक काढायला सांग. आपलं आधी काढलंस, तर त्याच्या उघड्या पिनांत करंट असेल."

केबल निघाली. दिवा विझला. तो खरंच विझला की बिघडला, हे पाहायला लामोरू पुन्हा न्हाव्याकडे जाऊन आला. या वेळी कोणी हसलं नाही.

त्याच्या पिशवीत फ्यूज निघाला साठ अँपिअरचा; पेटीला हवा होता तीसचा.

"तोच बसवा, परत उडायची भीती नको," मिग्दालिया म्हणाली.

"तो नाही उडायचा. तुझ्या वायरी जळतील."

लेओदानने आपल्या पिशवीतून तीस अँपिअरचा काढून दिला. तीनला पाच मिनिटं असताना लामोरूने कुलूप काढून मेन वर केला. लाईट आली तीन वाजून दहा मिनिटांनी. फ्रीज घरघरू लागला, आणि मिग्दालियाने पैसे मोजून हातावर ठेवले.

"काका, असला दिवा कुठे मिळतो?" जाता जाता लेओदानने विचारलं.

"मिळत नाही. होल्डर आणि दोन हात वायर आण, करून देतो."

लेओदानने दुसऱ्याच दिवशी दोन्ही आणलं, आणि दिवा झाला. तीस अँपिअरचा तो फ्यूज मात्र लामोरूने अजून परत केलेला नाही.